शहाळं, नारळ आणि मढचा चिखल

तर झालं असं की गेल्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी वर्सोव्याच्या जेट्टीवर उभा होतो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात हातभर लांबीचा प्लंबरवाला पीव्हीसी पाईप, आणि खांद्यावर ताईची पिशवी. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, आणि तिचा खरा जीव अडकलाय तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवाश्मांत. 'ओहोटी साडेसातची आहे, हमाल हवाय, येतोस का?' असा तिचा मेसेज आदल्या रात्री आला. शुक्रवारी रात्री रिलीज होतं, झोप झाली नव्हती, पण मढला जायचं म्हटल्यावर मी नाही म्हणत नाही.

मढला ज्यांनी फक्त शूटिंगच्या बंगल्यांपुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो: वर्सोव्याहून फेरीबोट पकडली की दोन-चार मिनिटांत पलीकडे. बोटीत माणसं, मोटरसायकली, माशांच्या टोपल्या, सगळं एकत्र. पलीकडे उतरलं की मुंबई एकदम वीस-तीस वर्षं मागे जाते. बांबूला दोऱ्या बांधून त्यावर वाळत घातलेले बोंबील, जाळी शिवत बसलेले लोक, आणि तो वास. आवडणाऱ्याला आवडतो, मला आवडतो.

ताईला हवा होता चिखल. खाडीच्या बाजूचा, तिवरांच्या अलीकडचा, आणि तोही फक्त वरचा दोन सेंटिमीटर. 'ढवळू नकोस, पाय टाकू नकोस, श्वास घेतलास तरी चालेल' अशा सूचना. पाईप हळूच खुपसायचा, वरून अंगठ्यानं बंद करायचा, आणि उचलायचा. आमच्या लहानपणी कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचा हा खेळ होता. ताईचा त्यावर पगार चालतो.

त्या चिखलात काय होतं, आणि त्यावरून आमचं गुडघाभर गाळात उभ्यानं जे भांडण झालं, त्यावर आजचा लेख.

त्या चिखलात होत्या डायनोफ्लॅजेलेट्सच्या सिस्ट. (डायनोसॉरशी संबंध नाही. ऑफिसात सांगितलं तेव्हा तिघांनी तोच प्रश्न विचारला. इथला 'डायनो' ग्रीकमधला गरगर फिरणारा.) हे एकपेशीय जीव. दोन शेपट्या असतात, एक कमरेभोवती गुंडाळलेली आणि एक मागे सोडलेली. त्यामुळे भोवऱ्यासारखे फिरत पोहतात. समुद्राचं पाणी कधीकधी लाल होतं किंवा रात्री लाटा निळ्या चमकतात, त्यामागे बहुतेक वेळा यांच्यातलेच कुणीतरी असतात. यांतले काही, साधारण सहा-सात प्रजातींतली एक, आयुष्याच्या एका टप्प्यावर पोहणं थांबवतात, स्वतःभोवती एक भक्कम कवच तयार करतात आणि तळाशी जाऊन बसतात. बी समजा. परिस्थिती बरी झाली की कवचाला एक दार उघडतं आणि आतला जीव पुन्हा पोहायला बाहेर पडतो. किती वेळ थांबतात? स्वीडनच्या कोल्यो फियॉर्डमधल्या गाळातून काढलेल्या सिस्ट साधारण शंभर वर्षांनी उगवल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं. शंभर वर्षं स्लीप मोड! आमचा सर्व्हर शनिवार-रविवारनंतर उठताना रडतो.

जीव बाहेर पडला की रिकामं कवच उरतं. त्याचं आकारमान म्हणजे केसाच्या जाडीइतकं, कधी त्याहून कमी. पण ते ज्या द्रव्याचं असतं, त्याला डायनोस्पोरिन म्हणतात, ते इतकं चिवट की कोट्यवधी वर्षं टिकतं. प्रयोगशाळेत दगडातून ते काढायची रीत ऐका. आधी हायड्रोक्लोरिक आम्लात चुनखडी विरघळवायची. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू-सिलिका विरघळवायची. हे दुसरं आम्ल काच खातं, माणसाचं हाडही सोडत नाही. अख्खा दगड गायब होतो आणि तळाशी चिमूटभर काळपट गाळ राहतो. त्यात ही कवचं, काटे न् काटे शाबूत.

आता भांडणाचा मुद्दा. ताई सहज म्हणाली की पोहणाऱ्या जिवाचं नाव एक आणि त्याच्याच सिस्टचं नाव दुसरं असतं. म्हणजे समुद्रात पोहतोय तोवर प्रोटोसेरेशियम रेटिक्युलॅटम, आणि चिखलात जाऊन बसला की त्याची सिस्ट ऑपरक्युलोडिनियम सेंट्रोकार्पम. प्रजातीचं नाव तर सोडाच, वंशसुद्धा वेगळा!

मी म्हटलं, 'ताई, हा डुप्लिकेट रेकॉर्ड आहे. एका एंटिटीला दोन आयडी. हे मर्ज का नाही करत?'

ती हसली. मग मला तिवराच्या मुळांकडे बोट दाखवून 'तिकडून एक घे' म्हणाली. पण माझ्या डोक्यातून जाईना. गेली कित्येक वर्षं मी डेटाबेस साफ करून पोट भरतोय, आणि जगातली एक अख्खी विद्याशाखा दीडशे वर्षांचे डुप्लिकेट तसेच ठेवून खुशाल बसलीये? आणि याचं कुणाला काही वाटत नाही?

परत येताना जेट्टीवर शहाळं प्यायलो. तेव्हा ताईनं विचारलं, 'हे काय आहे?'

'शहाळं.'

'आणि सोलकढीत काय घालतात?'

'नारळ.'

'आणि सुकलं की?'

'खोबरं.'

'मर्ज कर बघू.'

असो. पण त्या एका प्रश्नानं मला आठवडाभर वाचायला लावलं, आणि आता माझं मत पूर्ण फिरलंय. का फिरलं ते सांगतो.

आधी ही दोन नावं आली कुठून ते बघू. ही कुणाच्या हलगर्जीपणाची गोष्ट नाही. १८३० च्या दशकात बर्लिनमध्ये एरेनबर्ग नावाचा माणूस गारगोटीच्या पातळ कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला त्यात काटेरी गोळे दिसले. त्याला वाटलं ही गोड्या पाण्यातल्या शेवाळाची एक जात आहे, म्हणून त्या शेवाळाचं नाव त्यांना दिलं, झँथिडियम. पुढे इंग्लंडात मँटेलनं दाखवलं की हे गारगोटीचे नाहीत, लवचिक सेंद्रिय पदार्थाचे आहेत, आणि १८५० साली त्यांना स्पिनिफेरिटीस म्हटलं, म्हणजे काटे बाळगणारे. १९३३ मध्ये वेट्झेलनं हिस्ट्रिकोस्फिअर हे नाव रूढ केलं. आपल्या भाषेत 'साळिंदर-गोळा'. हा नक्की कोणाचा गोळा आहे हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अंडी म्हणा, बीजाणू म्हणा, काहीही म्हणा. नावं पडत गेली, प्रजाती वाढत गेल्या, आणि तेल कंपन्या तर त्यांच्यावरून खडकांची वयंही ठरवू लागल्या. म्हणजे प्रॉडक्शनमध्ये सिस्टिम व्यवस्थित चालू आहे, फक्त ती काय करते हे कुणाला माहीत नाही. (ओळखीचं वाटतंय ना?)

उलगडा केला तो विल्यम एविट यांनी. तेही एका तेल कंपनीच्या संशोधन विभागातच काम करत होते, पुढे स्टॅनफर्डला गेले. १९६१ आणि १९६३ च्या त्यांच्या लेखांतला मुद्दा इतका साधा आहे की वाचताना 'अरे!' होतं. या गोळ्यांपैकी पुष्कळांना एक भोक असतं. सगळे ते पाहत होते, तुटलंय म्हणून सोडून देत होते. एविट यांनी पाहिलं की ते भोक वाट्टेल तिथं नसतं. एका प्रकारच्या गोळ्यात ते नेहमी एकाच जागी, एकाच आकाराचं असतं. आणि ती जागा, तो आकार, जिवंत डायनोफ्लॅजेलेटच्या चिलखतातल्या एका ठरावीक पाटीशी जुळतो. म्हणजे ते भोक नाही, दार आहे! त्यांनी त्याला आर्किओपाइल म्हटलं, 'जुनं दार'. काटेसुद्धा उगाच नाहीत. पाट्या जशा मांडलेल्या, त्या हिशोबानं काटे उभे. मग वुड्स होलला डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी ताज्या गाळातल्या सिस्ट भांड्यात ठेवून उगवून दाखवल्या. साळिंदर-गोळ्यातून गोनिऑलॅक्स नावाचा माहितीतला जीव पोहत बाहेर आला. ही १९६० च्या दशकातली गोष्ट.

आणि ज्या गोळ्यांना दारही नाही आणि पाट्यांची खूणही नाही, त्यांचं काय? एविट यांनी त्यांच्यासाठी वेगळा शब्द केला, अक्रिटार्क, म्हणजे 'उगम अनिश्चित'. मला हा माणूस इथे सर्वांत जास्त आवडला. आपण 'मिसलेनियस' नावाचा फोल्डर लाजत-लाजत बनवतो. यांनी त्याला ग्रीक नाव देऊन अधिकृत केलं. ठाऊक नाही हे लिहून ठेवायला कॉलम असावा लागतो, नाहीतर लोक काहीतरी ठोकून देतात.

आता मुंबईकरांनी कान टवकारावेत अशी गोष्ट. एविटच्या शंभरेक वर्षं आधी आपल्या मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर होता. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा कारभारी. डॉक्टरकी सांभाळून हा गृहस्थ सगळंच बघायचा. १८५२ साली त्यानं मुंबई बेटाच्या भूगर्भावर मोठा निबंध लिहिला. वरळीच्या टेकडीत, दोन लाव्हांच्या मधल्या थरात सापडलेलं कासव त्यानं वर्णन केलं. आज त्या कासवाच्या वंशालाच त्याचं नाव आहे, कार्टेरेमिस. आणि याच कार्टरनं १८५८ साली मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी लाल का होतं यावर एक टिपण छापलं. त्यानं लाल पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, त्यातला जीव ओळखला, त्याला पेरिडिनियम सँग्विनियम म्हटलं. हिरवा असणारा हा जीव लाल तेलाच्या थेंबांनी भरत जातो आणि पोहणं सोडून गोल होऊन स्थिर होतो, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

विचार करा, एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला वरळीचा जीवाश्मवाला दगड, दुसऱ्या बाजूला पोहणं थांबवणारा पेरिडिनियम. आणि त्याच सुमारास युरोपात लोक काटेरी गोळ्यांना काय म्हणावं यावर डोकं खाजवतायत. दोन टोकं जुळली नाहीत. जुळायचं कारणही नव्हतं, कारण वरळीचे थर तळ्या-दलदलीचे, त्यांत बेडूक-कासवं मिळतात. (तो बेडूकही एक गंमत आहे. १८४७ साली ओवेननं त्याला राना पुसिला म्हटलं, १९३० मध्ये नोबलनं इंडोबॅट्रॅकस केलं. नावं बदलतात, बेडूक तोच.) पण कार्टरनं स्वतःला जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं, म्हणून आज मी शनिवारी घरबसल्या ते सांगू शकतोय.

खुद्द मढच्या खडकात सिस्ट शोधायला गेलात तर रिकाम्या हातानं याल. तो खडक ज्वालामुखीतून आलेला, दख्खनच्या लाव्हांचा शेवटच्या काळातला, ऱ्हायोलाइट-ट्रॅकाइट जातीचा. वितळलेल्या दगडात कोण टिकणार? मात्र पश्चिमेला समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे, जिथं १९७४ मध्ये सागर सम्राटनं तेल शोधलं. तिथं समुद्रतळाखाली गाळाच्या खडकांचे जाडजूड थर आहेत. अशा विहिरीतून वर येतो तो दगडाचा भुगा. त्यात हत्तीचं हाड आलं तर त्याचाही भुगाच येणार. पण पन्नास मायक्रॉनची सिस्ट अख्खी येते. म्हणून तेलवाल्यांना हे काम करणारी माणसं लागतात.

आणखी एक योगायोग. मी 'मढ' आणि 'डायनोफ्लॅजेलेट' असं एकत्र शोधलं तर आपलं मढ बाजूलाच राहिलं, कच्छमधलं माता-नो-मढ आलं. त्या गावावरून मातानोमढ नावाचा पॅलिओसीन काळातला खडकसमूहच आहे. कच्छच्या नैऋत्य भागातल्या त्यापेक्षा तरुण, मध्य इओसीन खडकांतल्या डायनोफ्लॅजेलेट सिस्टवर जैन आणि टंडन यांचा १९८१ चा अभ्यास आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. साधारण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी अचानक तापली होती, तेव्हा अपेक्टोडिनियम नावाच्या एका वंशाचा जगभर सुळसुळाट झाला. आजच्या तापमानवाढीची तुलना ज्या घटनेशी करतात ती हीच. ती घटना खडकात ओळखायची तर आधी अपेक्टोडिनियम ओळखता यायला हवा. म्हणजे कुणीतरी कधीतरी तो नीट वर्णन करून ठेवलेला असायला हवा.

वर्णन करतात कसं? आमच्या धंद्यातल्या लोकांना ही पद्धत बघून हेवा वाटेल. सिस्टचा एकंदर आकार, कवचाचे थर किती, दोन थरांत पोकळी आहे का, पृष्ठभाग गुळगुळीत की दाणेदार की जाळीदार, काटे किती, पोकळ की भरीव, टोकाला दुभागलेले की बंद, पाट्यांच्या कडेवर की मधोमध. मग दार. कोणती पाटी निघालीये? पाट्यांना पत्ता द्यायची पद्धत कोफॉइडनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली. शेंड्याच्या ओळीला एक टिकली, कमरपट्ट्याच्या वरच्या ओळीला दोन, खालच्या ओळीला तीन, बुडाला चार, आणि ओळीतला क्रमांक. स्पिनिफेरिटीसचं दार म्हणजे पट्ट्याच्या वरच्या ओळीतली तिसरी पाटी. बस्स, एवढं म्हटलं की जगातल्या कुठल्याही माणसाला कळतं.

हे सगळं लिहून झालं की एक नमुना निवडायचा. होलोटाईप. नाव हे त्या एका कणाला बांधलेलं असतं, चित्राला नाही, लेखकाच्या मताला नाही. तो कण असतो काचपट्टीवर, शेकडो इतर कणांच्या गर्दीत. मग तो पुन्हा सापडणार कसा? तर 'इंग्लंड फाइंडर' नावाची चौकटी कोरलेली काचपट्टी असते. तुमची पट्टी काढा, ती ठेवा, जी चौकट दिसेल तो पत्ता. अक्षर, आकडा, उपआकडा. शुद्ध पॉइंटर! संस्था, पट्टीचा क्रमांक, चौकट. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर लखनौला जाऊन तोच कण डोळ्यांनी बघता यायला हवा. 'हवा' म्हणतोय, कारण ग्लिसरीन जेलीत बसवलेल्या पट्ट्या वाळतात, तडकतात, कण सरकतो. पॉइंटर राहतो, मेमरी गेलेली असते.

आता माझ्या मर्जच्या हट्टाबद्दल.

मी या भानगडीत एकदा पडलो होतो, हे ताईला मी मढला सांगितलं नाही, इथे सांगतो. पूर्वीच्या एका नोकरीत माझ्याकडे ग्राहकांचे डुप्लिकेट रेकॉर्ड काढायचं काम होतं. मी स्क्रिप्ट लिहिली: नाव सारखं, पत्ता सारखा, फोन सारखा, तर एक करा. टेस्टिंगमध्ये झकास चालली. लाखभर ओळी गेल्या, मॅनेजर खूश, मला मेलवर शाबासकी. दोन महिन्यांनी एक तक्रार आली. एका घरात वडील आणि मुलगा होते. दोघांची आद्याक्षरं तीच, आडनाव तेच, घरचा लँडलाईन तोच. माझ्या स्क्रिप्टनं त्यांना एक माणूस केलं. मग वडील वारले. मुलगा स्वतः प्रमाणपत्र घेऊन आला, आणि सिस्टिमनं इमानेइतबारे त्यालाच मृत केलं. त्याचे पैसे अडकले. आणि मर्ज उलटवता येईना, कारण कुठली ओळ कुणाची होती हे मी पुसून टाकलं होतं. हातानं, कागद काढून, ते सोडवायला तीन महिने गेले. त्या मुलाशी फोनवर मी बोललोय. तो ओरडला नाही. 'मी जिवंत आहे हे नक्की कुठल्या फॉर्मवर लिहायचं?' एवढंच त्यानं विचारलं. तो प्रश्न अजून कानात आहे.

सिस्टचं तसंच आहे, किंबहुना वाईट. कारण इथं नातं एकास एकही नाही. गोनिऑलॅक्स स्पिनिफेरा म्हणून जे पोहणारे जीव ओळखले जातात ते वरून जवळजवळ सारखे दिसतात, पण त्यांच्यातून निघणाऱ्या सिस्ट पाहिल्या तर त्या स्पिनिफेरिटीस, नेमॅटोस्फेरॉप्सिस, इम्पॅजिडिनियम अशा वेगवेगळ्या वंशांत जातात. पोहणाऱ्याच्या नावाखाली सगळ्या मर्ज केल्या तर उथळ किनारा आणि खुला समुद्र यांचा फरक सांगणारी माहितीच गेली. उलट बाजूही आहे. लिंग्युलोडिनियम मॅकिरोफोरमच्या काट्यांची लांबी पाण्याच्या खारटपणाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदलते, हे मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरचे नमुने मोजून दाखवलं. कुणी आखूड काट्याला एक आणि लांब काट्याला दुसरं नाव देऊन बसला असता तर एक उत्तम खारटपणामापक हातचा गेला असता. म्हणजे फोडणं आणि जोडणं, दोन्हींत माणूस मारला जाऊ शकतो.

शिवाय लाखो वर्षांपूर्वीच्या सिस्टचा पोहणारा जोडीदार कुणीही पाहिलेला नाही, पाहणारही नाही. त्याला पोहणाऱ्याचं नाव देणं म्हणजे अंदाजाला खरेपणाचा शिक्का मारणं. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम (शेवाळं आणि बुरशीही त्यातच) २०११ च्या मेलबर्न अधिवेशनात बदलले, तेव्हा बुरशीबाबत 'एक बुरशी, एक नाव' असं ठरलं. माझ्यातला जुना स्क्रिप्टवाला टाळ्या वाजवेल. पण डायनोफ्लॅजेलेट्सना जीवाश्माचं नाव आणि जिवंताचं नाव वेगळं ठेवायची मुभा राहिली, ती आजही आहे. जिवंत जीव अभ्यासणाऱ्यांची कुरकुर मला समजते. एकाच अहवालात दोन नावं आली की बंदरातला अधिकारी गोंधळणारच. त्याला उपाय आहे, आणि तो आपल्यातल्या कुठल्याही फ्रेशरला येतो: दोन टेबलं ठेवा, मधे नात्याचं तिसरं टेबल ठेवा, आणि त्या नात्यापुढे पुरावा काय आणि कुणी पाहिलं ते लिहा. टेबलं एक करू नका.

हा सगळा नुसता पंडिती वाद वाटत असेल तर विळिंजम आठवा. १९९७ च्या सप्टेंबरात केरळच्या या किनाऱ्यावर शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्या खाऊन सात माणसं गेली, पाचशेवर इस्पितळात. शिंपल्यांत साठलेलं विष डायनोफ्लॅजेलेट्सचं. विषारी जातींच्या सिस्ट गाळात असतील तर पुढच्या बहराचं बियाणं तिथंच पडलेलं असतं. आणि ते बियाणं प्रवास करतं. जहाजं तोल सांभाळायला पाणी भरतात, दुसऱ्या बंदरात ओततात, त्या पाण्याबरोबर गाळ आणि सिस्ट. २००० ते २००४ दरम्यान जगातल्या सहा बंदरांत याचा पथदर्शी प्रकल्प झाला, त्यात आपलं मुंबई बंदर होतं. आता एखादी सिस्ट सापडली, तर ती पाहुणी की घरची? हे ठरवायला जुन्या गाळात काय होतं हे माहीत हवं. म्हणजे पुन्हा तेच, कुणीतरी बसून वर्णन केलेलं हवं.

हे वर्णन करणारी माणसं कमी होतायत. ताईच्या वर्गातल्या एका मुलानं तिला सरळ विचारलं, 'मॅडम, हे तर एआय करेल ना?' तिला ते लागलं असावं, कारण गेल्या वर्षी तिनंच मला एक मॉडेल बनवून द्यायला सांगितलं होतं. मी बनवलं. फोटो टाकला की सिस्टचं नाव. आकडा इतका सुंदर आला की मी तिला रात्री अकराला फोन केला. तिनं शांतपणे दुसऱ्या प्रयोगशाळेतले फोटो टाकले, आणि मॉडेल झोपलं. नंतर कळलं की ते सिस्ट बघतच नव्हतं. एका वंशाचे बहुतेक फोटो जुन्या, पिवळट पडलेल्या जेलीच्या पट्ट्यांवरचे होते. मॉडेल पिवळेपणा शिकलं होतं! दार कुठंय, पाटी कुठली, याचा त्याला पत्ताच नाही. हे दुरुस्त होतं, मी करतोही आहे. पण दुरुस्त करायला लागतात नीट ओळखलेले आणखी नमुने, आणि ते ओळखायला ताईसारखीच माणसं. वर्गीकरण म्हणजे आधीच असलेल्या खणांत वस्तू टाकणं, ते यंत्राला येईल. खणच चुकलाय हे सांगणं वेगळं काम आहे. एविट यांच्या आधीच्या लोकांनी सगळ्या फोटोंना लेबल लावून मॉडेल बनवलं असतं, तर त्यानं साळिंदर-गोळे अचूक ओळखले असते आणि भोकाकडे दुर्लक्ष करायला शिकलं असतं.

ओपन सोर्सवाल्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट्सची सगळी नावं, कुठलं वैध, कुठलं बाद, कुठलं कशात हलवलं, याची सूची ज्युडिथ लेंटिन आणि ग्रॅहम विल्यम्स यांनी १९७३ मध्ये पहिल्यांदा काढली, आणि दर चार वर्षांनी नवी आवृत्ती काढत राहिले. पुढे रॉबर्ट फेन्सम त्यात आले, आणि ती संगणकावर गेली. अख्खं जग ज्यावर उभं आहे असं पॅकेज, सांभाळणारे दोन-तीन. त्यांच्या नावानं आपल्याकडे कुणी कॉफीसुद्धा पाजत नाही.

म्हणून माझं म्हणणं, कुणी विचारलं नसलं तरी: आपल्याकडे पैसे असतील तर ते आधी पट्ट्या वाचवायला लावा. देशात जिथं जिथं होलोटाईप आहेत तिथं एकेका कणाचे, सर्व खोलींवरचे फोटो काढून ठेवा, जेली वाळायच्या आत. मग ॲप काढा. आणि नव्या प्रजातीचं सहा महिने बसून लिहिलेलं वर्णन बढतीच्या वेळी चटकन छापून आलेल्या लेखाइतकं तरी मोजा. सध्या ते मोजलं जात नाही, आणि मग विद्यार्थी विचारतात यात जॉब काय. ताईला यावर उत्तर देता येत नाही, मलाही नाही.

शनिवारी परतीच्या बोटीत ताई डब्यांवर लेबलं लिहीत होती. पेन्सिलीनं, शाई पाण्यात पसरते म्हणून. जागा, तारीख, वेळ, ओहोटी, खोली. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, 'चिखल कशाला नेता गो?' ताई म्हणाली, 'मावशी, यात बी असतं.' 'कसलं?' 'ते अजून बघायचंय.' मावशींना हे पटलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली आणि डबे ओले होऊ नयेत म्हणून आपली टोपली जरा सरकवून घेतली.

ताईचं कॉलेज सोमवारी उघडणार होतं, आणि नमुना थंड आणि अंधारात ठेवायचा असतो. म्हणून एक डबा माझ्या फ्रिजमध्ये आला, श्रीखंडाच्या शेजारी. लेबल ताईच्या अक्षरात: 'मढ-३, वरचे २ सेंमी, ओहोटी'. रविवारी सकाळी बघतो तर बायकोनं त्याच्या खाली दुसरं लेबल चिकटवलेलं: 'खाऊ नये'.